लेपचा लिपीतले आकडे कॉम्प्युटरवर नीट कसे आणायचे: कोड, टायपिंग, कन्व्हर्जन आणि चेकिंग

सिक्कीमसाठी ॲप बनवताय, लेपचा भाषेतलं पुस्तक लावताय, शाळेचं कॅलेंडर करताय किंवा नुसती एक वेबसाइट, आणि त्यात आकडे लेपचा लिपीत हवेत, तर हे तुमच्यासाठी आहे. अक्षरांकडे सगळे लक्ष देतात, आकडे मात्र शेवटच्या दिवशी उरकले जातात, आणि मग स्क्रीनवर आकडा झकास दिसतो पण सर्चमध्ये सापडत नाही, बेरजेत येत नाही, कॉपी केला की भलतंच काहीतरी पेस्ट होतं. लेपचा बोलणारे लोक भारतात २०११च्या जनगणनेनुसार साधारण ४७ हजार, म्हणजे एवढ्या छोट्या समाजाचं डिजिटल लिखाण मुळातच थोडं आहे, त्यातले आकडे तरी चुकीच्या कोडमध्ये अडकू नयेत असं मला मनापासून वाटतं.

लिपीची ओळख थोडक्यात. लेपचा लोक स्वतःला रोंग म्हणतात, वस्ती सिक्कीममध्ये, दार्जिलिंग-कालिम्पोंग भागात, नेपाळच्या इलाम जिल्ह्यात आणि थोडी भूतानमध्ये. लिपी तिबेटी लिपीच्या घराण्यातली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची मानतात, श्रेय कुणी सिक्कीमचे राजे चाकदोर नामग्याल यांना देतं तर लेपचा परंपरा थिकुंग मेन सालोंग यांचं नाव घेते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला कोड देणाऱ्या स्टँडर्डमध्ये, ही लिपी ५.१ व्हर्जनला आली, एप्रिल २००८ मध्ये, आणि स्वतःचे दहा आकडे घेऊनच आली. त्यामुळे आज लेपचा आकडे लिहायला कुठलाही जुगाड लागत नाही, सगळं स्टँडर्डमध्ये आहे, फक्त ते नीट वापरायचं आहे.

दहा कोड

लेपचाचा पूर्ण ब्लॉक १सी०० पासून १सी४एफ पर्यंत आहे. यातला सी म्हणजे इंग्रजी तिसरं अक्षर आणि एफ सहावं, कारण हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या पद्धतीत आहेत, जिथे नऊनंतर ए ते एफ ही अक्षरं येतात. मी इथे सगळं देवनागरीत लिहितोय, मशीनला देताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाका. बऱ्याच फोनवर लेपचा फॉन्ट नसतो आणि वाचणाऱ्याला नुसत्या चौकटी दिसतील, म्हणून चिन्हं न टाकता कोडच देतोय.

शून्य १सी४०, एक १सी४१, दोन १सी४२, तीन १सी४३, असं सरळ जात जात नऊ १सी४९. एवढंच. शेवटचा अंक म्हणजेच आकड्याची किंमत, म्हणून पाठ करायला काही नाही. डेसिमलमध्ये हवं असेल तर शून्य ७२३२ आणि नऊ ७२४१, एचटीएमएलमध्ये कॅरेक्टर रेफरन्स टाकताना हेच लागतं.

एक गोष्ट लक्षात घ्या, या दहांना युनिकोडने नुसती चित्रं म्हणून ठेवलेलं नाही. प्रत्येकाला "डेसिमल डिजिट" ही कॅटेगरी दिलीय, किंमत दिलीय आणि स्क्रिप्ट "लेपचा" अशी दिलीय. म्हणजे चांगली लायब्ररी असेल तर तिला १सी४७ म्हणजे सात हे न सांगता कळतं. आणि हे आकडे आपल्यासारखेच दशमान पद्धतीने, डावीकडून उजवीकडे, मोठं स्थान आधी असेच लिहितात, त्यामुळे क्रम उलटा करा वगैरे भानगड नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. गंगटोकचा पिनकोड ७३७१०१. लेपचात तो होतो १सी४७, १सी४३, १सी४७, १सी४१, १सी४०, १सी४१. ही फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, सेव्ह केली की प्रत्येक आकड्याचे तीन बाइट होतात, पहिले दोन कायम ई१ आणि बी१, आणि तिसरा ८० पासून ८९ पर्यंत. म्हणजे सात हा ई१ बी१ ८७ आणि शून्य हा ई१ बी१ ८०. पिनकोड दिसायला सहा आकडी, पण डिस्कवर अठरा बाइट. देवनागरी आकड्यांचंही असंच होतं, तेही तीन बाइटचेच, त्यामुळे मराठी साइटवर काम केलेल्याला हे नवीन नाही. पण ज्या डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजली जाते तिथे दहा आकडी मोबाइल नंबरला दहा ठेवाल तर तिसऱ्या आकड्यानंतरच जागा संपेल, तीस तरी लागतील. एसएमएस पाठवत असाल तर तेही ध्यानात असू द्या, एक जरी लेपचा आकडा आला की मेसेजची मर्यादा १६० वरून ७० कॅरेक्टरवर येते.

आधी हे ठरवा की आकडा म्हणजे काय

कोड लिहायला बसण्याआधी एक निर्णय घ्यायचा असतो आणि पुढचा सगळा त्रास त्याच्यावर अवलंबून आहे. जो आकडा हिशोबाचा आहे, म्हणजे किंमत, मार्क, वय, संख्या, तो डेटाबेसमध्ये साधा नंबर म्हणूनच ठेवा आणि फक्त दाखवताना लेपचात दाखवा. जो आकडा लिखाणाचा भाग आहे, म्हणजे कथेतलं साल, ओवीचा क्रमांक, एखाद्या हस्तलिखितातली नोंद, तो जसा लिहिलाय तसाच लेपचा कोडमध्ये टेक्स्ट म्हणून ठेवा, त्याला इंग्रजी करून परत लेपचा करायच्या फंदात पडू नका, कारण मूळ लेखकाने कुठे लेपचा आकडे वापरले आणि कुठे इंग्रजी हेही त्या दस्तावेजाचं वैशिष्ट्य आहे आणि एकदा पुसलं की ते परत मिळत नाही.

आणि तिसरा रस्ता, म्हणजे साधा इंग्रजी ७ टाइप करून त्याला असा फॉन्ट लावायचा की तो लेपचा ७ सारखा दिसेल, हा रस्ता कृपया घेऊ नका. आपल्याकडे डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, फॉन्ट बदलला की अख्ख्या पुस्तकाची खिचडी, आणि आजही जुन्या मराठी फाइली युनिकोडमध्ये आणताना लोक रडतात. लेपचाचंही तसंच झालेलं आहे, जेजी लेपचा नावाचा एक जुना फॉन्ट होता त्याचं एन्कोडिंग स्वतःचंच होतं, युनिकोडचं नव्हतं. चांगली गोष्ट अशी की त्याच फॉन्टच्या आधारावर एसआयएल या संस्थेने मिंगझात नावाचा युनिकोड फॉन्ट केला, तो फुकट आहे आणि लायसन्सही मोकळं आहे. दुसरा पर्याय गूगलचा नोटो सान्स लेपचा, तोही फुकट.

टायपिंग

एखाद-दुसरा आकडा हवा असेल तर कीबोर्ड इन्स्टॉल करायची पण गरज नाही. विंडोजवर वर्डमध्ये १सी४७ असं इंग्रजीत टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा, त्याचा आकडा होतो. लिबरऑफिसमध्येही हेच चालतं. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून कोड टाकायचा आणि एंटर. मॅकवर इनपुट सोर्समध्ये "युनिकोड हेक्स इनपुट" चालू करून ऑप्शन धरून चार अक्षरी कोड टाकायचा. मागे दुसरा आकडा चिकटलेला असेल तर वर्ड कधी कधी तोही कोडचाच भाग धरतो, म्हणून स्पेस देऊन करा आणि स्पेस नंतर काढा.

रोज लिहायचं असेल तर मात्र कीबोर्ड लेआउट हवाच. कीमॅन हा फुकट प्रोग्रॅम आहे, त्याच्या डेव्हलपर व्हर्जनमध्ये स्वतःचा लेआउट बनवता येतो, आणि आकड्यांसाठी तर दहा कीना दहा कोड एवढंच काम आहे. माझं मत विचाराल तर वरच्या रांगेतल्या आकड्यांच्या कीवर लेपचा आकडे ठेवा आणि इंग्रजी आकडे राइट-ऑल्टसोबत द्या, कारण लेपचात लिहिणाऱ्याला सवयीने हात जिथे जातो तिथे त्याचाच आकडा मिळायला हवा. बाजूच्या नंबर पॅडला हात लावू नका, तिथे इंग्रजीच राहू द्या, पासवर्ड आणि ओटीपी टाकताना लोकांना तेच लागतं.

कन्व्हर्जन

इंग्रजी आकड्याचा कोड घ्या आणि त्यात ७१८४ मिळवा, लेपचा आकडा तयार. उलट जायचं तर ७१८४ वजा करा. देवनागरीतून लेपचात जायचं तर ४८२६ मिळवायचे, म्हणजे मराठीतला तयार डेटा असेल तर मधे इंग्रजीत यायचीही गरज नाही. हा झाला गणिताचा मार्ग, पण मी सुचवीन की बेरीज-वजाबाकीऐवजी दहा जोड्यांचा टेबल करा आणि फक्त त्या दहा कॅरेक्टरना बदला, बाकी सगळं जसंच्या तसं सोडा.

असं का म्हणतो ते सांगतो. नऊ १सी४९ वर संपतो, त्याच्या पुढचे तीन कोड, १सी४ए, १सी४बी, १सी४सी, हे रिकामे आहेत, कुणालाच दिलेले नाहीत. त्यानंतर १सी४डी ते १सी४एफ या जागांवर लेपचाचीच तीन अक्षरं आहेत, ट, ठ आणि ड या ध्वनींसाठीची. आणि लगेच पुढे १सी५० पासून संथाळीची ओल चिकी लिपी सुरू होते, आणि तिची सुरुवातच तिच्या शून्यापासून होते. आता समजा तुमच्या प्रोग्रॅमने तारखेतला १६ हा आकडा सुटा न करता अख्खा शून्याच्या कोडमध्ये मिळवला, तर काय होईल? कुठलीही एरर येणार नाही, तुम्हाला मुकाट्याने संथाळीचं शून्य मिळेल. दहा तारखेला रिकामी चौकट, तेरा तारखेला एक अक्षर, सोळाला दुसऱ्याच लिपीचा आकडा. एक ते नऊ तारखेपर्यंत सगळं बरोबर चालतं म्हणून टेस्टिंगमध्ये ते सापडतही नाही. तेव्हा संख्या आधी स्ट्रिंग करा आणि मग एकेक आकडा बदला.

आणखी एक गैरसमज. टेक्स्ट नॉर्मलाइझ केलं, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपं एकसारखी केली, की सगळे आकडे आपोआप इंग्रजी होतील असं बऱ्याच जणांना वाटतं. एनएफकेसी नावाच्या नॉर्मलायझेशनने रुंद जपानी आकडे किंवा वर चढवलेले छोटे आकडे साधे होतात हे खरं, पण लेपचा आकड्यांना तो हात लावत नाही, देवनागरीलाही लावत नाही. हे कन्व्हर्जन आपण स्वतःच करायचं असतं.

युजरने टाइप केलेलं वाचायचं कसं

इथे प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेची तऱ्हा वेगळी. पायथनमध्ये काम सोपं, इंट फंक्शनला लेपचा आकड्यांची स्ट्रिंग दिली तरी बरोबर पूर्णांक मिळतो, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातला) बॅकस्लॅश-डी, म्हणजे "कुठलाही आकडा" ही खूण, सुद्धा साध्या स्ट्रिंगमध्ये हे आकडे पकडतो. जावामध्ये पार्सइंट (मजकुरातून संख्या काढणारं फंक्शन) चालतं पण बॅकस्लॅश-डी मूळ सेटिंगमध्ये फक्त इंग्रजीच पकडतो. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही नाही, नंबर फंक्शन सरळ "नॅन", म्हणजे ही संख्याच नाही, असं उत्तर देतं. सगळ्यात फसवं प्रकरण सी-शार्पचं, तिथे इज-डिजिट म्हणतं हो हा आकडा आहे, रेग्युलर एक्स्प्रेशन पण म्हणतं हो, आणि मग पार्स करायला गेलात की एक्सेप्शन. म्हणजे व्हॅलिडेशन पास आणि प्रोग्रॅम क्रॅश. म्हणून कुठलीही भाषा असो, आत येताना आधी आपल्या दहा जोड्यांच्या टेबलने इंग्रजी करून घ्या आणि मगच पार्स करा. वेबफॉर्ममध्ये "नंबर" प्रकारचं फील्ड देऊ नका, ते इंग्रजी आकड्यांसाठीच आहे, त्याऐवजी टेक्स्ट फील्ड ठेवा आणि इनपुटमोड न्यूमरिक द्या.

मिसळ चेक करणं पण गरजेचं आहे. एकाच संख्येत दोन लेपचा आकडे आणि एक ओल चिकी किंवा तिबेटी आकडा आला तर ती बहुतेक वेळा टायपिंगची चूक असते, आणि पैशाच्या बाबतीत तर फसवणूकही असू शकते. चेक करायची युक्ती छान आहे: प्रत्येक आकड्याच्या कोडमधून त्याची किंमत वजा करा, म्हणजे त्या लिपीचं शून्य मिळतं. १सी४५ मधून पाच गेले की १सी४०, १सी४८ मधून आठ गेले की पुन्हा १सी४०. सगळ्यांचं शून्य एकच आलं तर संख्या शुद्ध, दोन वेगळी शून्यं आली तर थांबवा आणि युजरला विचारा. युनिकोडच्या सिक्युरिटीच्या नियमांतही मिसळ हीच ओळखायला सांगितलीय. सिक्कीममध्ये एकाच ऑफिसात नेपाळी, भुतिया, लिंबू आणि लेपचा चालतात, म्हणजे देवनागरी, तिबेटी, लिंबू आणि लेपचा असे आकड्यांचे चार संच एकाच कॉम्प्युटरवर असू शकतात, तेव्हा हा चेक तिथे उगाच नाही.

दाखवायचं कसं

वेबवर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ब्राउझरमध्येच असलेलं इंटल नंबरफॉरमॅट. त्यात आकड्यांच्या पद्धतीचं नाव द्यावं लागतं, लेपचासाठी ते चार अक्षरी आहे, एल-ई-पी-सी. लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) म्हणून भारतीय इंग्रजी द्या आणि न्यूमरिंग सिस्टिम म्हणून ही चार अक्षरं द्या, की लाख-कोटीचे स्वल्पविराम जागच्या जागी ठेवून आकडे तेवढे लेपचात येतात. १२,३४,५६७ चा पहिला स्वल्पविराम दोन आकड्यांनंतर, दुसरा आणखी दोनांनंतर, बरोबर आपल्यासारखा. अमेरिकन इंग्रजी दिलंत तर मिलियनवाले गट पडतील, सिक्कीमच्या माणसाला ते कशाला. दशांश चिन्ह नेहमीचा बिंदूच राहतो. एक काळजी घ्या, एखाद्या जुन्या ब्राउझरला ही पद्धत माहीत नसेल तर तो तक्रार न करता मूळ आकडे दाखवतो, म्हणून रिझॉल्व्ह्ड ऑप्शन्स विचारून खरोखर कुठली पद्धत लागली ते बघा आणि नसेल लागली तर आपला टेबल वापरा.

यादीला लेपचा क्रमांक हवे असतील तर सीएसएसमध्ये काउंटर-स्टाइल स्वतः बनवा, सिस्टिम "न्यूमरिक" आणि चिन्हं शून्यापासून नऊपर्यंत त्याच क्रमाने. शून्य आधी, हे विसरू नका, एकपासून सुरू केलंत तर सगळी यादी सरकेल. मजकुराला भाषेचा कोड एल-ई-पी असा लावा.

फॉन्टचं बघायचं तर आकड्यांना शेपिंग, म्हणजे चिन्हांची जागा आणि आकार जुळवून मांडणं, लागत नाही. लेपचा अक्षरांमध्ये काही स्वरचिन्हं आपल्या पहिल्या वेलांटीसारखी टाइप नंतर होतात पण दिसतात आधी, आणि शेवटच्या व्यंजनांची चिन्हं अक्षराच्या डोक्यावर बसतात, तिथे सॉफ्टवेअर जुनं असेल तर गोंधळ उडतो. आकडे मात्र एक कोड एक आकृती, सुटे. म्हणजे लेपचा नीट न दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही फॉन्ट असेल तर आकडे बरोबर येतात, आणि उलट बाजूने, आकडे बरोबर दिसले म्हणून अक्षरंही बरोबर असतील असं समजू नका, ती वेगळी तपासा. वेबफॉन्ट छोटा करताना १सी४० ते १सी४९ सोबत स्वल्पविराम, बिंदू आणि स्पेसही ठेवा, नाहीतर ते दुसऱ्या फॉन्टमधून येतात आणि ओळ वरखाली दिसते. हिशोबाच्या तक्त्यात आकडे एकाखाली एक येतात का ते डोळ्यांनी बघा, सगळ्या आकड्यांची रुंदी सारखी असेलच असं नाही.

शोध आणि क्रम

निव्वळ लेपचा आकडे असतील तर कोडच चढत्या क्रमाने असल्यामुळे साधं सॉर्टिंगसुद्धा बरोबर लागतं, अर्थात १० हा २ च्या आधी येतो ती नेहमीची अडचण इथेही आहेच, त्याला न्यूमरिक सॉर्ट लावा. युनिकोडच्या कोलेशनमध्ये, म्हणजे क्रम लावायच्या नियमांत, सगळ्या लिपींच्या सारख्या किमतीच्या आकड्यांना पहिल्या पातळीवर एकच वजन असतं, म्हणून लेपचा ३ आणि मराठी ३ शेजारी शेजारी येतात, आणि मिश्र याद्यांसाठी हे फार उपयोगी पडतं. सर्चसाठी मात्र इंडेक्स बनवताना आकडे इंग्रजीत बदलून एक वेगळी कॉपी ठेवा, मूळ मजकूर तसाच, म्हणजे कुणी २००८ कुठल्याही लिपीत टाकलं तरी सापडेल.

आवाजात वाचून दाखवणारं काही बनवत असाल तर थोडं थांबा. लिहिताना आकडे दशमान असले तरी लेपचात मोजायची पारंपरिक रीत विसाच्या पटीत आहे, आपल्याकडे गावात म्हातारी माणसं दोन विसा, तीन विसा मोजतात त्याच धर्तीची. तेव्हा ४० हे दोन कोड बघून "चार दहा" असं शब्दांत आपोआप बनवू नका, भाषा बोलणाऱ्या माणसाकडून यादी करून घ्या.

जुन्या फाइली

जुन्या फॉन्टमधला मजकूर आणायचा असेल तर आधी फाइलची कॉपी काढा आणि तिच्यावरच काम करा. मग ज्या भागाला तो जुना लेपचा फॉन्ट लावलाय फक्त तोच भाग बदला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण फाइलमध्ये फोन नंबर, इंग्रजी सालं, पान क्रमांक साध्या फॉन्टमध्येही असतात आणि त्यांचे कोड अगदी तेच असू शकतात, फरक फक्त फॉन्टच्या नावात. म्हणून साध्या टेक्स्टमध्ये एक्सपोर्ट करून मग बदलायला गेलात तर कुठला सात लेपचा होता आणि कुठला इंग्रजी हे कायमचं गेलं. वर्डच्या फाइंड-रिप्लेसमध्ये फॉन्टची अट टाकता येते, ती वापरा. कुठल्या कीवर कुठला आकडा होता हे अंदाजाने न ठरवता छापील पान शेजारी ठेवून दहाही आकडे जुळवून घ्या.

शेवटी पीडीएफ. बनवल्यावर त्यातला एखादा आकडा कॉपी करून साध्या एडिटरमध्ये पेस्ट करा आणि कोड बघा. १सी४७ असेल तर ठीक. चौकट आली तर आधी एडिटरचा फॉन्ट तपासा, पीडीएफ बरोबरही असू शकते. पण इंग्रजी ७ आला किंवा काहीच आलं नाही तर पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने फॉन्टचा युनिकोड नकाशा (कुठली आकृती म्हणजे कुठला कोड ही यादी) बहुतेक आत घातलेला नाही, सेटिंग बदलून परत बनवा, आणि ०१२३४५६७८९ हे दहाही आकडे असलेलं एक पान नेहमी टेस्टसाठी जवळ ठेवा.